अनोळखी गिऱ्हाईक आणि घरातली बंदूक

सिंधुदुर्गात बंदूक हे शेतीचे अवजार आहे, असे सांगितले तर घाटावरच्या माणसाला ते चटकन पटत नाही. पण लोंबीवर आलेल्या भाताच्या कुणग्यात रात्री रानडुकरांचा कळप शिरला की सकाळी काय उरते, हे ज्याने पाहिले आहे त्याला ते समजावून सांगावे लागत नाही. केळी, काजू आणि माडावरचे नारळ माकडे आणि वानर पाडतात, आतल्या गावांत गवे उतरतात आणि दोडामार्गच्या तिलारी खोऱ्यात २००२ पासून हत्तींचाही वावर आहे. म्हणून मांगरात राखणीला जाणाऱ्या माणसाच्या खांद्याला बॅटरीबरोबर बंदूकही असते. ही बंदूक बहुधा ठासणीची असते. नळीच्या तोंडातून दारू, चिंध्या आणि छर्रे भरून गजाने ठासायचे, मागे केप बसवायची आणि बार काढायचा. ज्यांची ऐपत बरी, त्यांच्याकडे काडतुसाची एकनळी किंवा दुनळी असते.

कायद्यालाही ही गोष्ट ठाऊक आहे. १८७८ चा लॉर्ड लिटनच्या काळातला शस्त्र कायदा जाऊन १९५९ चा कायदा आला आणि तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याच्या १३ व्या कलमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. ठासणीची पुरेशी पडत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर वीस इंचांपेक्षा कमी नाही एवढ्या नळीची, आतून गुळगुळीत असलेली दुसरी बंदूकही देता येते. दिल्लीत बसून केलेल्या कायद्यात कोकणातल्या राखणदाराची आठवण ठेवलेली क्वचितच सापडते. इथे ती आहे.

या बंदुका आता विकायला निघतात, आणि या प्रकरणाचा विषय तिथून सुरू होतो.

तारकर्लीचेच पाहा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधे देवबागच्या टोकापर्यंत गेलेली वाळूची पट्टी. इथला माणूस पूर्वी मासेमारीवर, माडांवर आणि आतल्या बाजूच्या थोड्याफार भातावर जगत असे. आता त्याच घरांच्या पडव्यांना खोल्या निघाल्या आहेत, अंगणात पर्यटकांच्या गाड्या उभ्या राहतात आणि पाण्याखालचे जग दाखवणे हा धंदा झाला आहे. आजोबांच्या नावावरची बंदूक मात्र अजून माजघरात आहे. मुलगा मुंबईत आहे, त्याला ती नको. शेती वाट्याने दिली आहे. परवान्याची मुदत संपत आली की नूतनीकरणासाठी ओरोसला जिल्हाधिकारी कार्यालयात खेपा घालाव्या लागतात. त्यातच निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते. २०१४ ची विधानसभा १५ ऑक्टोबरला झाली, २०१९ ची २१ ऑक्टोबरला. म्हणजे नेमके भात पिकण्याच्या दिवसांत. कोणाचे शस्त्र जमा करून घ्यायचे हे ठरवायला छाननी समिती असते, पण शेतकऱ्याच्या लेखी त्या दिवसांत डुकरांना मोकळे रान मिळते ते मिळतेच. २०१९ च्या डिसेंबरातल्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली. एका परवानाधारकाला तीन बंदुका ठेवता येत होत्या, त्या दोनवर आणल्या आणि तिसरी जमा करायला एक वर्षाची मुदत दिली. हे सगळे एकत्र आले की घरातला कर्ता म्हणतो, इकून टाकूया.

आणि विकत घेणारा कोण? शेजारच्या वाडीतला असेल तर प्रश्नच नाही. त्याच्या सात पिढ्या माहीत असतात. पण तारकर्लीच्या घरात आठवड्याला नवी माणसे येऊन राहतात. समजा, कोल्हापूर किंवा पुण्याहून आलेला कोणी पाहुणा सोलकढी पिता पिता भिंतीकडे बघतो आणि म्हणतो, “काका, ही दुनळी देणार काय? रोख देतो, आत्ताच.” काका मालवणी असतील आणि शहाणे असतील तर विचारतील, “इकूची तर आसा रे, पण तुझो परवानो खंय आसा?”

हा प्रश्न बरोबर आहे, पण अपुरा आहे. गिऱ्हाइकाने खिशातून परवाना काढून दाखवला तरी काकांना बंदूक त्याच्या हातात देता येत नाही.

शस्त्र कायद्याचे पाचवे कलम हे मुळात बंदुका बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या धंदेवाल्यांसाठी आहे. पण त्याच्या दुसऱ्या पोटकलमात साध्या परवानाधारकासाठी वाट ठेवली आहे. स्वतःच्या वापरासाठी कायदेशीरपणे बाळगलेले शस्त्र, विक्रेत्याचा परवाना न काढता, दुसऱ्या पात्र माणसाला विकता येते. अट अशी, की विकण्याचा इरादा आणि घेणाऱ्याचे नाव व पत्ता जिल्हादंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला आधी लेखी कळवला पाहिजे, आणि कळवल्यानंतर किमान ४५ दिवस गेले पाहिजेत. तोवर बंदूक हलत नाही. तारकर्लीचे ठाणे म्हणजे मालवण आणि सिंधुदुर्गचे जिल्हादंडाधिकारी बसतात ओरोसला. प्रत्यक्षात कार्यालये नुसत्या कळवण्यावर थांबत नाहीत. रीतसर अर्ज घेतात, पोलिसांचा अभिप्राय मागवतात, परवानगीचे पत्र देतात आणि मग एकाच्या परवान्यावरून शस्त्र कमी होऊन दुसऱ्याच्या परवान्यावर चढते. घेणारा दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर त्याच्या जिल्ह्याशीही पत्रव्यवहार होतो आणि दिवस वाढतात.

लोक या ४५ दिवसांना सरकारी खोळंबा म्हणतात. माझे मत उलटे आहे. अनोळखी माणसाला बंदूक विकताना सुरक्षितपणा म्हणून जे काही असते, ते सगळे या दीड महिन्यात आहे. खोटा परवाना किंवा बनावट नाव घेऊन आलेला, दुसऱ्याच्या वतीने खरेदी करणारा हस्तक, डोक्यात राग घेऊन हत्यार शोधणारा माणूस, यांपैकी कोणालाही आपले खरे नाव-पत्ता पोलीस ठाण्याच्या कागदावर पडून राहिलेला परवडत नाही. ज्याला बंदूक आज संध्याकाळीच हवी असते, तो गिऱ्हाईक नकोच. काकांनी “४५ दिवस लागतील” एवढे म्हटले की वाईट माणूस आपणहून गाडीत बसून निघून जातो. त्यासाठी काकांना माणूस ओळखण्याची कला यावी लागत नाही.

जगात सगळीकडे असे नाही, म्हणून तुलना करून पाहण्यासारखी आहे. अमेरिकेत दुकानदाराला गिऱ्हाइकाची पूर्वतपासणी करावी लागते. १९९३ च्या ब्रॅडी कायद्याने ते बंधन घातले आणि १९९८ पासून ती तपासणी झटपट संगणकावर होऊ लागली. पण दुकानदार नसलेल्या साध्या माणसाने आपल्याच राज्यातल्या दुसऱ्या साध्या माणसाला बंदूक विकली, तर संघराज्याचा कायदा ही तपासणी मागत नाही. काही राज्यांनी आपापले कायदे करून ती लावली आहे, बाकीच्यांनी नाही. त्यामुळे तिकडे अनोळखी माणसाला कुठे भेटावे, किती वाजता भेटावे, बरोबर कोणाला न्यावे, असा सगळा सल्ला तयार झाला आहे. दिवसाउजेडी भेटा, गर्दीच्या वाहनतळावर भेटा, जमल्यास पोलीस ठाण्याच्या आवारात कॅमेऱ्याखाली भेटा. सल्ला चांगलाच आहे. पण राज्यव्यवस्थेने न केलेले काम त्यात बिचाऱ्या विकणाऱ्याने स्वतःच्या नजरेने करायचे असते. ब्रिटनमध्ये १९९६ साली डनब्लेनच्या शाळेत गोळीबार झाल्यानंतर कायदा कडक झाला. तिथे शस्त्राचे हस्तांतर दोघांनी समोरासमोरच करायचे आणि सात दिवसांत दोघांनीही पोलिसांना कळवायचे. ऑस्ट्रेलियाने त्याच वर्षीच्या पोर्ट आर्थर हत्याकांडानंतर खासगी सौदे परवानाधारक दुकानदाराच्या किंवा पोलिसांच्या मार्फत व्हावेत असे ठरवले आणि खरेदीच्या परवानगीआधी २८ दिवसांचे थांबणे लावले. आपले ४५ दिवस त्याहून जास्त आहेत आणि कितीतरी जुनेही.

आता खरी भेट. कागद मार्गी लागले तरी कधीतरी विकणारा आणि घेणारा समोरासमोर येतातच. घेणाऱ्याला माल पाहायचा असतो, आणि तो हक्क त्याचा आहे. पण पहिली भेट बंदुकीशिवाय व्हावी. हे ऐकायला विचित्र वाटेल, तरी कारण सरळ आहे. पहिल्या भेटीत माणूस पाहायचा असतो, बंदूक नव्हे. मालवणच्या बाजारातल्या हॉटेलात दुपारी चहा घेत दोघांनी परवाने समोर ठेवावेत. परवान्यावरचा फोटो, घेणाऱ्याचे वय, परवान्याची मुदत, तो कोणत्या प्रकारच्या शस्त्रासाठी आहे आणि कोणत्या हद्दीपुरता आहे, हे वाचावे. २०१६ च्या शस्त्र नियमांनंतर प्रत्येक परवान्याला राष्ट्रीय नोंदीतला एक स्वतंत्र क्रमांक असतो. तो नसेल तर परवाना ग्राह्य नाही. एक छायाप्रत मागून घ्यावी आणि ती आपल्या अर्जासोबत लावावी, म्हणजे खरेखोटे ठरवण्याचे काम ज्यांचे आहे त्यांच्याकडे जाते. घेणाऱ्याने प्रत द्यायला कां-कूं केली तर चहाचे पैसे देऊन उठावे.

वयाची अट लहान नाही. २१ वर्षांखालच्या माणसाला बंदूक विकता येत नाही. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेल्याला शिक्षा संपल्यावर पाच वर्षे, शांतता राखण्याचे बंधपत्र लिहून दिलेल्याला त्या मुदतीत, आणि मनाचा तोल ढळलेल्या माणसालाही नाही. विकणाऱ्याला हे माहीत असेल किंवा माहीत असायला कारण असेल आणि तरी त्याने बंदूक दिली, तर दोष विकणाऱ्याचाही धरला जातो. समोरचा माणूस पात्र आहे की नाही याची खात्री न करता शस्त्र हवाली करणे, एवढ्यालासुद्धा कायद्यात स्वतंत्र गुन्हा म्हटले आहे. ‘माका काय ठावक’ हे उत्तर तिथे चालत नाही.

दुसरी भेट बंदूक पाहण्याची. ती घरी ठेवू नये, विशेषतः जिथे घर म्हणजेच पाहुण्यांची खोली आहे तिथे. अनोळखी माणसाला आपल्या घरातले हत्यार कुठल्या कपाटात असते हे कळण्याचे काही कारण नाही. सगळ्यात चांगली जागा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याचे दुकान. तिथे नळी आतून पाहायला दिवा असतो, कारागीर असतो आणि मालाचे मोलही तटस्थपणे कळते. बंदूक नेताना ती झाकलेली, रिकामी, काडतुसे वेगळी आणि परवाना बरोबर. परवानाधारकाने स्वतः जावे. दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा धन्याच्या वापरासाठी दुसऱ्या माणसाने लेखी अधिकारपत्रावर किंवा धन्याच्या समक्ष बंदूक वाहून नेलेली कायद्याला चालते. पण गिऱ्हाइकाला दाखवून आणायला पुतण्याच्या हाती बंदूक देणे या सवलतीत बसत नाही. बंदूक एकाची आणि शिकारीला गेलेला दुसराच, ही आपल्याकडची जुनी खोड याच जातीची आहे. शिकारीतल्या अपघातानंतर चौकशीत पहिला प्रश्न तोच येतो.

ठासणीच्या बंदुकीबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण इथे प्रत्यक्ष जिवाशी गाठ आहे. काडतुसाची बंदूक मोडून पाहिली की ती भरलेली आहे की रिकामी हे डोळ्यांना दिसते. ठासणीच्या बंदुकीत ते दिसत नाही. मागच्या हंगामात कोणीतरी भरून ठेवली, डुक्कर आले नाही, बार काढायचा राहून गेला, आणि मालक वारला, असे होऊ शकते. नळीत कोरडी राहिलेली दारू महिनोन्‌महिने टिकते. म्हणून नुसती केप काढली म्हणजे बंदूक रिकामी झाली असे समजू नये. नळीचे तोंड माणसांपासून दूर धरून गज हलकेच आत सोडावा आणि जिथे थांबेल तिथे तोंडापाशी खूण करावी. मग तोच गज बाहेरून नळीला लावून पाहावा. नळीच्या बुडापर्यंत पोहोचायला हवा होता तिथून चार बोटे आधीच तो थांबला असेल, तर आत काहीतरी आहे. पुढे स्वतः काही करू नये, कारागिराला बोलवावे. गिऱ्हाइकाने चाप ओढून पाहण्याचा हट्ट धरला तर नाही म्हणावे. दोघांपैकी कोणीही बंदूक हातात घेतली की ती भरलेलीच आहे असे धरून वागावे, नळी माणसाकडे वळू देऊ नये आणि बोट चापापासून बाहेर ठेवावे. हे नियम नेमबाजी शिकणाऱ्या शाळकरी मुलांना पाठ असतात, आणि चाळीस वर्षे बंदूक वापरलेल्या माणसाला मात्र त्यांची लाज वाटते.

तसेच बार काढून दाखवण्याचे. “मागल्या परड्यात एक बार काढून बघूया” हा प्रस्ताव सौद्यात हमखास येतो. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत लोखंड आतून खाल्ले जाते, वरून तेल लावून चकचकीत ठेवलेल्या नळीला आतून खड्डे पडलेले असतात. अशी नळी दाबाने फुटली तर डावा हात पहिल्यांदा जातो. शिवाय परवाना पिकाच्या राखणीसाठी आहे, प्रात्यक्षिकासाठी नाही. जाता जाता हेही सांगतो की बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरालासुद्धा वन विभागाच्या परवानगीशिवाय मारता येत नाही, आणि गवा तर वन्यजीव कायद्याच्या पहिल्याच अनुसूचीत आहे. घेणारा “शिकारीसाठी हवी” असे उघड म्हणत असेल तर ते ऐकून न ऐकल्यासारखे करू नये.

घेणाऱ्यानेही सावध असावे. त्याची जोखीम कमी नाही. नळीवर ठोकलेला क्रमांक आणि विकणाऱ्याच्या परवान्यावरचा क्रमांक अक्षरशः जुळला पाहिजे. क्रमांक घासलेला असेल तर बंदूक कितीही स्वस्त असो, हात लावू नये. बोअर पाहावा. ‘बारा बोअर’ म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यांतली एक ज्या नळीत बरोबर बसेल ती नळी, सुमारे साडेअठरा मिलिमीटर व्यासाची. परवाना बाराचा आणि बंदूक दुसऱ्या बोअरची असे झाले तर खडकीच्या कारखान्यातली काडतुसे आणून काही उपयोग नाही आणि परवान्याची अटही मोडते. दुनळी मोडून पुन्हा मिटल्यावर बिजागरीत खुळखुळ लागते का, कुंद्याला तडा आहे का, घोडा अर्ध्यावर चढवला तर तिथेच थांबतो का, हे कारागिराकडून पाहून घ्यावे. पैसे बँकेतून द्यावेत, परवानगीनंतर द्यावेत. विसार देऊन बंदूक “माझ्याकडेच असू दे” म्हणणे दोघांनाही गोत्यात आणते.

इथे एक समज मोडायला हवा, कारण तो फार पसरला आहे. मुद्रांकावर करारनामा केला, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, नोटरीचा शिक्का मारला की व्यवहार झाला, असे लोकांना वाटते. जमिनीच्या आणि होडीच्या व्यवहारांची ती सवय आहे. बंदुकीच्या बाबतीत तो कागद उलट तुमच्याविरुद्धचा पुरावा ठरतो. परवानगीशिवाय शस्त्र विकल्याचे तुम्ही स्वतःच्या सहीने लिहून दिलेले असते. परवानाधारकाने आधी न कळवता किंवा ४५ दिवसांच्या आत बंदूक विकली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. विनापरवाना शस्त्रविक्रीला मात्र २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप एवढी शिक्षा आहे. विनापरवाना बाळगणाऱ्याला किमान दोन वर्षे. हेतू काय होता याचा युक्तिवाद पुढे. हत्यार जवळ सापडणे हाच गुन्हा. अभिनेता संजय दत्त याच्या खटल्यात बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दलची पाच वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये निश्चित केली, ती याच कायद्याखाली. त्या प्रकरणाची मुळे १९९३ च्या मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत होती, आणि त्या स्फोटांसाठीची शस्त्रे आणि स्फोटके रायगडच्या किनाऱ्यावर दिघी आणि शेखाडी इथे उतरवली गेली होती. कोकण किनाऱ्यावर विनानोंदीची बंदूक सापडली की पोलीस ती नुसत्या शेतकऱ्याची चूक म्हणून का पाहत नाहीत, याचे एक कारण त्या आठवणीत आहे.

मालक वारलेला असेल तर विक्रीचा रस्ता बदलतो, आणि तारकर्लीसारख्या गावात बहुतेक बंदुका याच वळणावर विकायला येतात. परवाना माणसाबरोबर संपतो. वडील गेले म्हणजे बंदूक मुलाची झाली असे नाही. त्या दिवसापासून ती घरात असणेच बेकायदा ठरू शकते. बारावे-तेरावे आटोपण्याची वाट पाहत बसू नये. एकविसाव्या कलमाप्रमाणे ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी आणि पोच घ्यावी. या जमा करण्याची लोकांना धास्ती वाटते, गेली ती गेली असे वाटते. पण त्याच कलमात पुढे लिहिले आहे की जमा करणाऱ्याला, किंवा तो वारला असल्यास त्याच्या वारसाला, ठरलेल्या मुदतीत ते शस्त्र पात्र माणसाला विकण्याची मुभा आहे आणि येणारे पैसे वारसाचेच. मुदत उलटू दिली तर मात्र ते सरकारजमा होते. वारसाला बंदूक ठेवायचीच असेल तर स्वतःच्या नावाने परवाना मागता येतो. मालक हयात असतानाही तो सत्तरीचा झाला किंवा बंदूक त्याच्याकडे २५ वर्षे असली, तर वारसाच्या नावे परवान्याची मागणी करता येते. ज्यांच्या घरी ऐंशीच्या घरातले आजोबा आहेत त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

मला विचाराल तर जिवंत मालकानेही हीच वाट धरावी. बंदूक विकायचे ठरले की ती आधी परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून टाकावी. मग गिऱ्हाईक ओळखीचे असो की अनोळखी, खरे असो की खोटे, घरात चोरण्यासारखे काहीच उरत नाही. विक्रेत्यालाच ती विकून टाकली तर दर थोडा कमी येतो. पण पुढच्या माणसाची पात्रता पाहणे, नोंदवही ठेवणे, हे सगळे त्याच्या अंगावर जाते. पाच-दहा टक्क्यांसाठी अनोळखी माणसाशी महिनाभर फोनाफोनी करण्यापेक्षा ते बरे.

भिंतीवरच्या शोभेच्या बंदुकांचा प्रश्न पर्यटकांमुळे वाढला आहे. जुन्या घरांत गंजून एकजीव झालेली एखादी नळी असते आणि “ही तर जुनी वस्तू, हिला कसला परवाना” असे दोघेही म्हणतात. कायद्यात सूट आहे, पण शब्द नीट वाचले पाहिजेत: जुन्या धाटणीचे, पुराणवस्तू म्हणून मोल असलेले किंवा मोडके शस्त्र, जे दुरुस्त करून किंवा न करता, बंदूक म्हणून वापरता येणारच नाही. ‘दुरुस्त करूनही नाही’ ही अट कठीण आहे आणि ती पुरी होते की नाही हे मालकाने ठरवायचे नसते. शिवाय शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकते, आणि तशी आली तर तिच्या खरेदी-विक्रीच्या धंद्याला वेगळा परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी पाहुण्याला आठवण म्हणून दिली, असे करून चालत नाही.

छऱ्याची बंदूक, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारी, हा त्यातला सोपा प्रकार. ०.१७७ इंचापर्यंतच्या बोअरची आणि २० ज्यूलपेक्षा कमी जोराची असेल तर परवाना लागत नाही. माकडे हाकायला लोक ती घेतात. पण मोठ्या बोअरच्या किंवा जास्त जोराच्या हवाई बंदुकीला परवाना लागतो, हे विकणारा सांगत नाही.

मोबाइलवर येणाऱ्या जाहिरातींबद्दल फार लिहायची गरज नाही. पिस्तुलाचा फोटो, घरपोच देण्याचे आश्वासन आणि आगाऊ रकमेसाठी क्यूआर कोड. पैसे गेले की नंबर बंद होतो, आणि तक्रार करायला गेलेल्या माणसाला आपण काय विकत घेणार होतो हे आधी सांगावे लागते. जे थोडे खरोखर माल देतात ते गावठी कट्टेवाले. जळगावच्या सीमेलगत मध्य प्रदेशातल्या उमर्टी गावाचे नाव महाराष्ट्र पोलिसांच्या कारवायांत वर्षानुवर्षे येते, आणि अशा सौद्यांत समोरचे अनोळखी गिऱ्हाईक पुष्कळदा साध्या वेशातला पोलीसच असतो.

निवडणुका जाहीर झाल्या असतील तर सौद्याचा विचार निकालापर्यंत बाजूला ठेवावा. शस्त्र जवळ बाळगून फिरण्यावर जिल्हादंडाधिकाऱ्यांचे मनाई आदेश असतात आणि कार्यालयातला कोणीही त्या दिवसांत तुमच्या अर्जाला हात लावणार नाही.

घरात विकायची बंदूक असेल तर आधी परवान्याची मुदत बघा. ती चालू असतानाच अर्ज लिहा, त्यात घेणाऱ्याचे पूर्ण नाव, पत्ता आणि परवान्याचा क्रमांक घाला, एक प्रत ओरोसच्या जिल्हाधिकारी कार्यालयात आणि एक मालवण पोलीस ठाण्यात द्या. दोन्ही ठिकाणी शिक्क्याची पोच मागून घ्या. त्या पोचेवरच्या तारखेपासून ४५ दिवस मोजा आणि लेखी परवानगी हातात येईपर्यंत विसाराचा एक रुपयाही घेऊ नका.